दुकानाच्या वेळेत माझे यंत्र कोण बंद करते, याच्या चौकशीबाबत

प्रति,
मा. तक्रार निवारण अधिकारी,
शरीरात बसवलेली वैद्यकीय उपकरणे, सुरक्षा कक्ष,
मुख्य रुग्णालय, दुसरा मजला, लिफ्टच्या मागे.

विषय : अर्जदाराच्या छातीतील विद्युत-उपकरण दुकानाच्या वेळेत परस्पर बंद करणाऱ्या इसमाचा शोध घेऊन त्याच्यावर कारवाई होण्याबाबत.

संदर्भ : १) माझे यापूर्वीचे दोन अर्ज. २) आपले पत्र, ज्यात दोन्ही अर्ज मिळाले एवढेच म्हटले असून उपकरणाच्या जागेचा फोटो मागवला आहे.

महोदय,

उपरोक्त विषयास अनुसरून सविनय सादर करतो की,

१. अर्जदार व्यवसायाने शिंपी असून पुरुषांचे कोट शिवतो. सर्वजण मला कोटमास्तर म्हणतात, पोचपावती त्याच नावाने द्यावी. अक्षर तिरपेतारपे आले आहे याबद्दल क्षमा मागत नाही. हा अर्ज मी मुद्दाम दुकानात, कापणीच्या टेबलावर बसून लिहीत आहे, म्हणजे अक्षर हाच पुरावा होईल. घरी बसून लिहिला असता तर तो मोत्याच्या दाण्यांसारखा आला असता आणि आपण म्हणाला असता, या माणसाला झाले आहे काय?

२. माझ्या उजव्या हाताला कंप सुटला. आधी खडूची रेघ हलली, मग कात्री हलली, मग गिऱ्हाईक हलले, ते समोरच्या गल्लीत गेले. आपल्या रुग्णालयात माझ्या डोक्यात एक बारीक तार घातली. ती कानामागून, मानेच्या कातडीखालून डाव्या छातीत आणून काडेपेटीएवढ्या डबीला जोडली. ही डबी मेंदूला थोडी थोडी वीज देते आणि हात शांत होतो. यंत्र पहिल्यांदा सुरू केले तेव्हा मी सुईत दोरा ओवला. पत्नी रडली. मी रडलो नाही. मी दोरा काढून पुन्हा ओवून पाहिला, कारण पहिल्या वेळी डॉक्टर माझ्या कोपराच्या फारच जवळ उभे होते.

३. त्यानंतर मी दुकान पुन्हा उघडले. टाचण्या तोंडात धरण्याची माझी जन्माची सवय. हाताला कंप होता तेव्हा एकदा टाचणी घशाकडे सरकली होती. त्या दिवशी पत्नीने जो धसका घेतला तो कायमचा. म्हणून दुकान उघडताना तिने माझ्या कामाच्या जाकिटाच्या डाव्या खिशात, अस्तराच्या आत, एक लोहचुंबक शिवून दिला. टाचणी छातीशी नेली की चिकटते. तो चुंबक तिने कोठून आणला, ही एकच चौकशी मी आयुष्यात केली नाही. सोय उत्तम आहे, तिच्याबद्दल तक्रार नाही.

४. तक्रार अशी की, दुकान उघडून मी कामाला लागलो की थोड्याच वेळात हात पुन्हा थरथरू लागतो. संध्याकाळी घरी गेलो की शांत. सुट्टीच्या दिवशी घरी बसून काजे करतो, एक काज वाकडे जात नाही. रुग्णालयात तपासणीला यावे तर पाहुण्यांसमोर शहाण्यासारखे वागणाऱ्या पोराप्रमाणे यंत्र अगदी साळसूद. यावरून हे उघड आहे की यंत्रात बिघाड नसून त्याच्यामागे माणूस आहे, व त्या माणसाला माझ्या दुकानाच्या वेळा माहीत आहेत.

५. प्रथम संशय आपल्या तंत्रज्ञ बाईंवर आहे. यंत्र बसवल्यानंतर त्यांनी मला समोर बसवून माझ्या मालमत्तेची चौकशी केली. मोठे स्पीकर आहेत का? चुंबकाची पट्टी असलेली कपाटे आहेत का? वेल्डिंगचे काम चालते का? कामाच्या ठिकाणी लोखंड, चुंबक, मोटारी? परक्या माणसाला आपल्याकडे काय काय आहे हे सांगू नये, हे मला माझ्या वडिलांनी शिकवले. म्हणून मी प्रत्येक प्रश्नाला "नाही" असे ठाम उत्तर दिले. बाईंनी प्रत्येक "नाही" लिहून घेतले व समाधानाने मान हलवली. तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकली.

पुढे त्यांनी सांगितले की वीज किती द्यायची याची वरची मर्यादा त्यांनी कुलूपबंद केली आहे, त्यापेक्षा जास्त वीज मेंदूत जाणारच नाही. तसेच प्रत्येक ठोक्याला जेवढी वीज आत जाते तेवढीच ती उलटी फिरवून परत घेतली जाते, म्हणजे पेशींना इजा होत नाही. महोदय, मी शिंपी आहे. गिऱ्हाइकाचे जेवढे कापड आत गेले तेवढेच परत गेले असे सांगणारे मी पुष्कळ पाहिले, त्यांच्या पोरांच्या अंगातले सदरेही पाहिले. मी बाईंना मापाचा पुरावा मागितला. त्यांनी हसून माझ्या हाती एक माहितीपत्रक दिले व वाचून सही करा म्हणाल्या. हसून दिलेल्या कागदावर मी सही करत नाही. कागद मात्र जाड आणि चांगला होता, त्याचा मी कॉलरचा नमुना कापला.

६. मागील तपासणीत याच बाईंनी यंत्राची आतली नोंद पाहिली व म्हणाल्या, "काका, हे आपोआप बंद पडत नाहीये हो. दिवसा कुणीतरी थांबवतंय त्याला. चुंबक वगैरे काही नाही ना जवळ?" मी पूर्वीच्या उत्तराशी ठाम राहिलो. माणसाने जबाब फिरवू नये. परंतु कुणीतरी थांबवते आहे, ही कबुली त्यांच्याच तोंडची असल्याने तिची नोंद घ्यावी.

७. दुसरा संशय समोरच्या भोंगेवाल्यावर. हा इसम सभासमारंभांना लाउडस्पीकर भाड्याने देतो व दिवसभर तारांशी खेळत बसतो. मी त्याला विचारले असता तो म्हणाला, "मास्तर, माझ्याच्यानं माझी मशिनं चालत नाहीत, तुमचं कुठून बंद करू?" हे उत्तर वरवर पटण्यासारखे आहे, म्हणूनच संशयास्पद आहे. शिवाय दुकान उघडण्याच्या सुमारास माझ्या पत्नीने त्याच्याकडून काहीतरी जड वस्तू रुमालात बांधून आणलेली मी काचेतून पाहिली होती. मला पाहून तिने रुमाल पिशवीत टाकला. या देवाणघेवाणीची सखोल चौकशी व्हावी.

८. आता ज्या मुद्द्यासाठी हा तिसरा अर्ज करत आहे त्याकडे येतो. यंत्र कमीजास्त करण्याचा रिमोट पत्नीजवळ असे. ती दुकानात माझ्यामागे बसून बटणे लावते. रिमोट तिच्या पिशवीत, पिशवी तिच्या मांडीवर, आणि माझी पाठ तिच्याकडे. यापेक्षा सोपा गुन्हा नाही. घरी ती मला थरथरू देत नाही, कारण घरी तिला माझ्या हाताचे काम असते, बरणीची झाकणे उघडायला तरी. दुकानात मात्र मी थकावे, दुकान बंद करावे आणि गप घरी बसावे, असे तिने दोनदा बोलूनही दाखवले आहे.

मी रिमोट काढून घेतला व गल्ल्यात कुलूप लावून ठेवला. हात थरथरतच राहिला. याचा अर्थ एकच, दुसरा रिमोट आहे. मी पिठाचा डबा पाहिला, तिची बटणांची पेटी पाहिली, शेवटी तिची उशी उसवली. आत कापूसच होता. उशी मी पुन्हा शिवून ठेवली, पण इतके सरळ टाके आमच्या घरात दुसऱ्या कुणाचे नाहीत. तिने ओळखले. म्हणाली, "उशी झाली, आता मलाच एकदा उसवून बघा." आणि पिशवी भरून बहिणीकडे, म्हणजे माझ्या मेहुणीकडे गेली. जाताना उंबऱ्यात थांबून म्हणाली, "चोर सापडला की कळवा. आणि तो मी नव्हे, हे तुमच्या तोंडून ऐकल्याशिवाय मी यायची नाही."

ती गेल्यापासून घर फार मोठे वाटते. तरी संशय मावळत नाही, कारण ती गेल्यावरही दुकानात हात थरथरतो आहे. रिमोटची पोच हातभरच असते असे तंत्रज्ञ बाई सांगतात. सांगतात त्या. मेहुणीचे घर तीन गल्ल्या पलीकडे आहे. सबब, विनंती की आपल्या कक्षाने मेहुणीच्या घराची झडती घ्यावी व पत्नीचा लेखी जबाब

येथवर मजकूर झाला असता आपल्या पत्राप्रमाणे बोलावलेला फोटोवाला आला, म्हणून वाक्य अर्धे राहिले. छातीवरील खुणेचा फोटो काढायचा म्हणून जाकीट काढून खुंटीला लावले, सदऱ्याची बटणे सोडली. फोटो झाला. तो आपले सामान आवरत असताना मी पुन्हा लिहायला बसलो. पुढील मजकूर :

९. पत्नीचा लेखी जबाब घेताना तिला खुर्ची द्यावी, कारण तिचे गुडघे दुखतात. तिच्यावर आवाज चढवू नये. तिने दिलेली उत्तरे तिला वाचून दाखवावीत.

महोदय, वरील परिच्छेदाचे अक्षर आपल्या आधीच लक्षात आले असेल. माझ्या आत्ता आले. एकही काना हललेला नाही. दुकानाची वेळ, दुकानाचेच टेबल, आणि हात शांत.

साहजिकच मी फोटोवाल्याचा संशय घेतला. त्याची पेटी उघडायला लावली, खिसे उलटे करायला लावले. त्याने निमूटपणे सर्व दाखवले व म्हणाला, "मास्तर, आधी जाकीट घाला बरं. गारठा आहे, छाती उघडी ठेवून भांडू नका." आणि त्यानेच खुंटीवरचे जाकीट माझ्या अंगावर चढवले. थोड्या वेळात लेखणी नाचू लागली. मी जाकीट काढले. हात थांबला. पुन्हा घातले. नाचला. फोटोवाला स्टुलावर बसून हा खेळ पाहत होता. शेवटी त्याने खिशाला चिकटलेल्या टाचण्यांकडे बोट दाखवले व विचारले, "हे काय आहे?"

मग मला तंत्रज्ञ बाईंचे एक वाक्य आठवले. अडचणीच्या वेळी यंत्र ताबडतोब थांबवता यावे म्हणून सुरक्षेची एक सोय असते, छातीपाशी चुंबक धरला की वीज थांबते, दूर नेला की सुरू होते. ते वाक्य त्या बोलत असताना मी वीज परत येते की नाही याचा हिशेब करत होतो.

१०. वरील मजकुरात खाडाखोड केलेली नाही, कारण सरकारी कागदात खाडाखोड मला मान्य नाही. परंतु विनंती पुढीलप्रमाणे बदलून वाचावी.

तंत्रज्ञ बाईंवरील आरोप मागे घेतो. त्यांच्या प्रश्नांना दिलेली सर्व "नाही" रद्द समजून दुकानात चुंबक आहे अशी नोंद करावी व नवीन माहितीपत्रक द्यावे, जुन्याची कॉलर झाली आहे. विजेच्या मापाचा पुरावा अद्याप मिळालेला नाही, तेवढा मुद्दा खुला ठेवावा.

भोंगेवाल्याला मी आत्ताच दुकानातून हाक मारून विचारले. तो म्हणाला, "फुटक्या स्पीकरचा चुंबक होता तो. वहिनींनी मागून नेला, टाचणीपायी माणूस जाईल म्हणत होत्या." त्याच्यावरील आरोपही मागे.

आता पत्नी. नियमाने पाहिले तर माझा संशय खराच ठरला. यंत्र तिच्याच हातच्या शिवणीने बंद पडत होते. परंतु ती शिवण तिने माझ्या घशात टाचणी जाऊ नये म्हणून घातली होती, आणि मी मात्र तिची उशी फाडली. यासाठी कोणते कलम लागू होते ते मला माहीत नाही. जे असेल ते मला लावावे.

सबब, अखेरची विनंती. आपल्या कार्यालयाच्या शिक्क्याने माझ्या पत्नीस एक पत्र द्यावे. मसुदा असा : "चौकशीअंती असे आढळले की आपण चोर नाही. आपण कधीच नव्हता. अर्जदाराचा हात थांबला आहे. घरातील झाकणे उघडून मागण्यास कोणी नाही, तरी यावे." हे तिला माझ्या तोंडून ऐकायचे आहे, हे मी वर लिहिलेच आहे. मला तोंडी जमत नाही. अर्ज कसा लिहावा याचा नमुना बाहेर भिंतीवर लावलेला असतो, मेहुणीच्या दारात उभे राहून काय बोलावे याचा नमुना कुठे लावलेला मी पाहिला नाही.

कळावे, आपल्या निर्णयाकडे डोळे लावून बसलेला,

(सही) कोटमास्तर
दिनांक : पोचपावतीवर पडेल तोच. मागची तारीख टाकू नये.

सोबत :
१) उपकरणाच्या जागेचा फोटो. हसू फोटोवाल्याने आणले आहे, ते विचारात घेऊ नये.
२) पूर्वीच्या दोन अर्जांच्या प्रती, कंपित अक्षरातील.
३) जाकिटाचा डावा खिसा, चुंबकासह. टाके पत्नीचे असल्याने कापलेला नाही, एकेक टाका उसवून काढला आहे.

टीप : जोडपत्र क्र. ३ पाकिटातून परत काढून घेतले आहे. ते पत्नीस प्रत्यक्ष दाखवून, जे बोलायचे ते दाखवतानाच बोलायचे आहे. तिच्या नावाचे पत्र आपण पाठवालच, पण टपालावर माझा भरवसा नाही, म्हणून दुकान बंद करून मी आत्ताच मेहुणीकडे निघालो आहे.