उजवा हात वर करण्याबाबत

मयूर विहार, दिल्ली
फेब्रुवारी १९९७

सौ. वैजयंती श्रीपाद देवस्थळी हिस अनेक आशीर्वाद. (ते आता मी द्यावयाचे की मागावयाचे, याविषयी मला संदेह आहे, परंतु मायना बदलण्याचे माझे वय नाही.)

तुझी प्रकृती उत्तम असेल, असे धरून चालतो. निदान तिकडे खांदे दुखत नसावेत. भाद्रपदापासून जी पत्रे येतात त्या सर्वांत लोक तुझ्या नावामागे ‘कै.’ लावतात. मी प्रत्येक ठिकाणी ते खोडून ‘सौ.’ करतो. पती हयात असता गेलेली स्त्री सौभाग्यवतीच राहते, हे शास्त्र आहे. आणि पती हयात आहे याची ग्वाही माझा उजवा खांदा अहोरात्र देत आहे. त्याचीच हकीकत कळवण्यासाठी हे पत्र.

लक्ष्मीबाई नगरचे सरकारी क्वार्टर सोडून आपण या सोसायटीत आलो, तेव्हा तू सगळ्या कमिटीशी भांडून सिमेंटचे टेनिस कोर्ट करून घेतलेस आणि त्याच्या किल्ल्या आपल्याच घरी ठेवल्यास. मोटारी हप्त्याने मिळू लागल्यापासून त्या कोर्टावर सर्वांचा डोळा आहे. (खुरानांकडे दोन झाल्या. दुसरी नेमकी कोण चालवतो, हे मला समजलेले नाही. बहुधा पहिलीला सोबत म्हणून आणली असावी.) हे खुराना सेक्रेटरी झाल्यावर दारात येऊन मला म्हणाले, “टेनिस तो भाभीजी के साथ गया, देवस्थळीजी। चाबी लौटा दीजिए, पार्किंग बना लेते हैं।”

मी त्यांना त्याच दिवशी लेखी उत्तर धाडले की, कोर्ट नित्य वापरात आहे, वापरणारा म्हणजे खाली सही करणारा, सबब किल्ल्या परत करण्याचा प्रश्न उद्भवत नाही. आता सही केली त्या क्षणी हे विधान असत्य होते, हे तुला ठाऊकच आहे. मी आयुष्यात रॅकेट फक्त कपाटातून काढून तुझ्या हाती दिलेली. परंतु उभ्या नोकरीत माझ्या सहीचा एकही कागद खोटा ठरलेला नाही. तेव्हा तो खरा करण्यासाठी त्याच संध्याकाळी तुझी रॅकेट घेऊन मी कोर्टावर गेलो आणि सर्व्हिस मारू लागलो. सर्व्हिसच का, असे तुझ्या लेकीने, अक्षयाने विचारले. उत्तर उघड आहे. टेनिसमध्ये तो एकच फटका असा आहे, जो एकट्याला मारता येतो.

तो मी अंधार होईपर्यंत मारला. दुसऱ्या दिवशीही, आणि त्यानंतर रोज. परिणामी हात असा धरला की भांग डाव्या हाताने पाडावा लागे आणि तो थेट कानाकडे जाई. सदरा चढवताना मी इतका वेळ आत अडकून राही की एकदा टेलिफोन वाजून थांबला. उपचारांत एकमत नव्हते. अक्षयाने गुडगावच्या ऑफिसातून फोनवर बर्फ सांगितला. सौ. खुरानांनी लसूण घालून तापवलेले सरसोंचे तेल पाठवले. (शत्रूच्या घरचे म्हणून परत करणार होतो; वास आवडला.) मी निःपक्षपातीपणे आधी तेल, त्यावर बाम आणि त्यावर फ्रीजरमधली मटारची पिशवी ठेवली. बातम्या संपेपर्यंत मटार मऊ झाले. अन्न वाया घालवणे तुला खपत नसे, म्हणून त्यांची उसळ केली. तिला बामाचा वास होता. दोन्ही वेळा जेवलो.

डॉक्टरांनी खांदा हलवून पाहिला, मी काय उच्चारले ते ऐकले, आणि सर्व्हिस पूर्ण बंद ठेवायला सांगितली. पण कोर्ट वापरात नसेल तर सही खोटी! मधला मार्ग काढून मी रोज कोर्टावर जाऊन डाव्या हाताने नुसता चेंडू वर उडवू लागलो आणि त्याच हाताने झेलू लागलो. खुराना बाल्कनीतून ओरडले, “ये कौन-सा टेनिस है, जी?” मी म्हणालो, “प्रारंभिक.”

मग सर्वसाधारण सभा झाली. पार्किंगचा ठराव आला. विरोध असणाऱ्यांनी हात वर करावेत, असे खुरानांनी पुकारले. वैजयंती, ज्या हाताने मी तुझे कोर्ट वाचवत होतो, तो हात वर जाईना! डावा वर करण्याचा विचारही मनाला शिवला नाही. मत, शपथ आणि नैवेद्य यांना उजवाच. डाव्याने उजव्याचे कोपर धरून तो उचलू लागलो, तर अर्ध्या वाटेत कळ आली आणि भर सभेत “आई गं!” असा मोठा आवाज झाला. तो माझा होता.

मग सौ. खुरानांनी हात वर केला. त्यांच्या मागे सगळ्या बायकांनी केले, आणि बायकांकडे पाहून, थोड्या विलंबाने, त्यांच्या नवऱ्यांनी. ठराव पडला.

मी तत्काळ उभा राहून हरकत घेतली. सदर उद्गार शोकाचा नसून स्नायूचा आहे. दयेपोटी दिलेली मते मागे घेण्यात यावीत. अक्षया माझा कोट ओढत होती. “बाबा, प्लीज, आपण जिंकलोय, यार!” (बापाला यार म्हणते. हे दिल्लीचे पाणी.) तेव्हा सौ. खुराना मागे वळून म्हणाल्या, “दया कैसी, भाईसाहब? भाभीजी ने हम सबको सर्विस सिखाई थी। आप चाबी दबाकर बैठे हैं, हम खेलें कहाँ?”

मी हरकत मागे घेतली, तीही तोंडी.

तुझा
श्रीपाद

ता. क. कोर्ट वाचले ते माझ्या सर्व्हिसमुळे, असे मी अक्षयाला सांगितले आहे. ते तसेच राहू दे.

पुन्हा ता. क. माझी एकही सर्व्हिस अद्याप योग्य चौकोनात पडलेली नाही. एक खुरानांच्या दुसऱ्या मोटारीवर पडली. तो अपघात होता, असे मी लेखी दिले आहे. त्या कागदाविषयी तू काही विचारू नयेस.

अखेरचे, आणि पत्राचे खरे कारण. डॉक्टरांनी पुढल्या महिन्यापासून थोड्या सर्व्हिसला परवानगी दिली आहे. इतकी वर्षे बाकावर बसून तुझ्या सर्व्हिसला ‘पाय रेषेवर!’ म्हणून मी ओरडत आलो. आता बाक रिकामा आहे आणि माझा पाय कुठे पडतो ते सांगणारे कुणी नाही. जमल्यास येऊन बसावे. बाक पुसून ठेवला आहे. कोर्टाच्या दाराला कुलूप लावले, ओढून पाहिले. किल्ल्या सौ. खुरानांकडे परत केल्या.