डाव्या बाजूचा उजेड

२ नोव्हेंबर, रविवार
गाडीच्या दिव्यांत दम राहिलेला नाही. आज संध्याकाळी सोसायटीच्या गेटमधून आत शिरताना डावीकडचा खांब घासला. खांब पूर्वी इतका पुढे नव्हता. वॉचमनला झापलं, तर म्हणतो, "खांब तिथेच आहे साहेब, बांधल्यापासून." त्याला काय कळतंय.
संकल्प: नवे हेडलाइट. एलईडी. हयगय नाही. लेकीचे दिवस भरत आलेत आणि जावई बोटीवर. वेळ आली की तिला हॉस्पिटलात मीच नेणार, असं घरात सगळ्यांसमोर जाहीर केलंय. आयुष्यभर लायसन्सच्या परीक्षा घेतल्या मी. माझ्या लेकीला टॅक्सीवाला नेणार?

४ नोव्हेंबर
बायको म्हणते, दिवे राहू द्या, आधी डोळे दाखवा. काहीतरीच. परवा भिंतीवरची पाल मीच पहिल्यांदा पाहिली. (उजवीकडच्या भिंतीवर.) तरीही तिने परस्पर डोळ्यांच्या डॉक्टरची शनिवारची वेळ घेतली. यापूर्वी दोनदा घेतली होती. दोन्ही वेळा मला महत्त्वाचं काम निघालं.

६ नोव्हेंबर
हेडलाइटच्या दुकानात गेलो. दुकानदार फार सज्जन. मला काका म्हणतो. म्हणाला, "काका, हे लावलेत की रात्रीचा दिवस झालाच म्हणून समजा." किंमत ऐकून मला बसावं लागलं. स्टूल त्यानेच पुढे केलं.
खर्च वसूल होणार का, याचा शांतपणे विचार केला. निष्कर्ष: जिवाशी खेळ असेल तिथे पैशाकडे पाहायचं नसतं. शिवाय सूट शनिवारपर्यंतच आहे. डोळ्यांचे डॉक्टर काय, कुठे पळून जातात? त्यांना फोन करून पुढच्या महिन्यावर ढकललं.

८ नोव्हेंबर, शनिवार
लागले! काय उजेड आहे! पांढराशुभ्र. अंधार पडल्यावर बायकोला मुद्दाम लांब फिरवून आणलं. एक गोष्ट ताबडतोब लक्षात आली. समोरून येणारा प्रत्येक जण डिपर मारून दाद देत होता. एका ट्रकवाल्याने तर हॉर्नही वाजवला. मीही मान हलवून स्वीकार केला.
गाडी कुठेही घासली नाही. म्हणजे दोष दिव्यांचाच होता. सिद्ध झालं.
फक्त बायकोची ती सवय. डाव्या सीटवर बसते आणि सगळा रस्ता वाचून दाखवते. "खड्डा. सायकल. डावीकडे बाई चाललीय. आता वळा." गेली दोन-तीन वर्षं हे चाललंय. आधी चिडायचो, आता सहन करतो. संसारात एवढं चालायचंच. तिला स्वतःला गाडी येत नाही. तरुणपणी परीक्षा द्यायला माझ्याकडेच आली होती. आरशात न बघता रिव्हर्स घेतला, मी नापास केलं. नियम म्हणजे नियम. त्यानंतर तिने स्टिअरिंगला हात लावला नाही. समजूतदार आहे.

११ नोव्हेंबर
ट्रॅफिक हवालदाराने अडवलं. म्हणाला, दिव्यांचा झोत समोरच्याच्या डोळ्यांत जातोय, आंधळे होतील लोक. पावती फाडली. त्याला मी माझं जुनं पद सांगितलं. त्याने पावतीवर लिहून घेऊ का विचारलं.
दुकानात जाऊन झोत खाली करून घेतला. आता पुन्हा काहीच दिसत नाही. दुकानदार म्हणाला, काका, मग तुम्हाला फॉगलाइट लागतील. घेतले. बायकोला सांगितलं की फुकट मिळाले.

१४ नोव्हेंबर
बायको आजपासून लेकीकडे राहायला गेली, बाळंतपण होईपर्यंत. दारात थांबून म्हणाली, "मी नसताना अंधार पडल्यावर गाडी काढायची नाही. तिची वेळ आली तर आम्ही टॅक्सी करू. कबूल?" कबूल म्हणालो. वाद कशाला घालायचा.
संध्याकाळी गाडी काढली. सराव हवा. आज पहिल्यांदाच शांतपणे गाडी चालवायला मिळाली. कुणाची बडबड नाही. मात्र काहीतरी कमी वाटत राहिलं. रेडिओ बंद होता म्हणून असेल. औषधांच्या दुकानापर्यंत गेलो आणि परत आलो. वाटेत डावा आरसा कुणीतरी तोडला. मी गाडी चालवत असताना! लोकांना लाज उरलेली नाही.

१६ नोव्हेंबर
लेकीचा फोन. हसत होती, पण आवाज थकलेला. म्हणाली, "बाबा, आई सांगतेय टॅक्सीच बरी." मी म्हटलं, तुझ्या आईला परीक्षेत कुणी नापास केलं ते विचार. मग म्हणाली, "बरं, तुम्हीच या. पण सांभाळून या." लेकीचा माझ्यावर विश्वास आहे. माणसाला आणखी काय हवं?
संकल्प: टाकी भरून ठेवणे. हवा बघणे. दिव्यांच्या काचा रोज पुसणे.

१९ नोव्हेंबर
दिवेलागणीला फोन आला. बायको म्हणाली, कळा सुरू झाल्यात, टॅक्सी मागवते. मी ओरडलो, "खबरदार, मी निघालोय," आणि फोन ठेवला.
सगळे दिवे लावले. वरचे, खालचे, फॉगलाइट. रस्ता नुसता झगमगत होता. पण रस्ता संपतो कुठे, तेच कळेना. उजवीकडे सगळं लख्ख. डावीकडे काळोखही नाही, काहीच नाही. मी हळू केली, आणखी हळू केली. मागचे हॉर्न वाजवत होते. मी रिकाम्या सीटकडे बघून म्हटलं, "बोल ना." खरंच म्हटलं. लिहून ठेवतो, कोण वाचणार आहे?
मग धाडकन काहीतरी आपटलं. सायकलवाला. तो कुठून आला ते मला अजूनही सांगता येणार नाही. मी स्टिअरिंग उजवीकडे फिरवलं, मग घाबरून डावीकडे, आणि पुढचं चाक गटारात गेलं.
सायकलवाला उठून उभा राहिला, कोपर सोललेलं. मला वाटलं शिव्या देईल. त्याने खाली वाकून माझ्या दिव्यांकडे बघितलं आणि म्हणाला, "एवढे मोठे दिवे लावलेत साहेब, आणि मी दिसलो नाही?"
फार भीती वाटली. माणूस मेला असता.
लेकीने माझी वाट बघितली. बायको म्हणत होती निघू, ती म्हणत होती, बाबा येतो म्हणालेत. शेवटी शेजाऱ्यांनी त्यांना हॉस्पिटलात पोचवलं. तेव्हा मी बंद दुकानाच्या शटरवर प्रकाश पाडत गटारात बसलो होतो. दिवे शेवटपर्यंत चालू होते. माल चांगला आहे.

२० नोव्हेंबर
मुलगी झाली. दोघी सुखरूप. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, अजून उशीर झाला असता तर अवघड होतं. हे त्या माझ्याकडे बघून म्हणाल्या नाहीत, पण मला लागलं.
बायको एक अक्षर बोलली नाही. मी कॉटपाशी उभा राहिलो. बराच वेळ मला सगळे दिसत होते, बाळ कुठे ते दिसेना. विचारायची लाज वाटली. शेवटी तीच हळूच म्हणाली, "डावीकडे. नात."

२४ नोव्हेंबर, सोमवार
डोळ्यांचे डॉक्टर. पुढच्या महिन्याची तारीख बायकोने अलीकडे आणली. एका यंत्रात हनुवटी टेकवून बसवलं. आत ठिपक्यांसारखे दिवे लागतात, दिसला की बटण दाबायचं. मी मनापासून दाबलं. झाल्यावर तिथल्या बाईंना सांगितलं की तुमच्या यंत्राचे डावीकडचे दिवे गेलेत, बदलून घ्या, माझ्या ओळखीचा एक माणूस आहे.
बायको म्हणाली, "मी बसून बघू का?" ती बसली. मी बाहेरून ऐकत होतो. टक, टक, टक. तिचं बटण थांबेचना.
काचबिंदू. डॉक्टर म्हणाले, गेलेली नजर परत येत नाही, उरलेली थेंब घालून जपायची. गाडी बंद. दोन-तीन वर्षांपूर्वी यायला हवं होतं, असंही म्हणाले. बायकोने माझ्याकडे बघितलं नाही. तिला रडू येत होतं.
घरी चालत आलो. ती डाव्या हाताला. "पायरी. खांब. सायकल." मी आज एकदाही चिडलो नाही.
राहता राहिला हेडलाइटचा प्रश्न. खर्च वसूल झाला का? झाला. मला कुणी दिसत नव्हतं, पण मी येतोय हे सगळ्यांना लांबूनच दिसत होतं.