रुबीनाला विचारलं

शुक्रवार, बोगादी

आज भाचीच्या, रुबीनाच्या निकाहात मी वकील होतो. म्हणजे तिची संमती विचारून काझींना कळवणारा. विचारलं. ती नुसती बांगडी फिरवत राहिली. तिचे अब्बा म्हणाले, "सालेसाहेब, पोर लाजतेय. गप्प म्हणजे होच! पिरियापट्टणचं वऱ्हाड ताटकळलंय."

"तिच्या तोंडून ऐकेन."

"मदरशाची पायरी न चढता मौलवी झालात?"

झालो! घरी बसून अरबी शिकलोय, शब्द न् शब्द तपासून. मुलीला विचारणं धर्मातच आहे.

पुन्हा विचारलं. बांगडी थांबली. "नको, मामू."

काझींना तेच दोन शब्द जसेच्या तसे सांगितले. वऱ्हाड परत गेलं. उद्या जमातीसमोर जाब द्यायचाय. देईन. रुबीना म्हणते, "तुम्ही नुसते शेजारी बसा. मी बोलते."