दुखणं सकाळी सहाला लागलं होतं

प्रिय आप्पा,

'प्रिय' लिहिताना पेन अडलं. तरी लिहिलं, थोरला भाऊ आहेस. तुझं तेरावं झालं आणि तुझ्या जावयानं तालुक्याच्या दवाखान्यातल्या सिस्टरविरुद्ध तक्रार केली. 'दुखायला लागल्यापासून अर्ध्या तासात पेशंट आणला, सिस्टरनं प्रश्न विचारण्यात वेळ घालवला.' उद्या साताऱ्याला चौकशी आहे. साक्षीदार मी. म्हणून आजच तुझ्याशी बोलून घेतो.

अर्धा तास! लाज कशी वाटत नाही रे तुम्हा सासऱ्या-जावयाला?

गोठ्यात छाती धरून बसलास तेव्हा सकाळचे बरोबर सहा वाजले होते. मी म्हटलं, "आप्पा, दवाखान्यात चल." तू म्हणालास, "गप रं. पित्त हाय. सोडा आण." दोन बाटल्या प्यायलास, ढेकर दिलास आणि घाम पुसत बसलास. थंडीत घाम! अकराला उलटी झाली तेव्हा कुठे गाडीत बसलास, तेही मिशा सारख्या करून.

सिस्टरनं बघताच तुला खाटेवर घेतलं. हात नाडीवर, तोंडानं प्रश्न. दुखणं हातात उतरतंय का? जबड्यात? तेवढ्यात ईसीजीच्या तारा लागल्या, गोळी चावायला दिली, डॉक्टरांना हाक गेली. सगळं कागदावर, मिनिटासकट. मी सातवी पास, पाण्याच्या मोटारी उघडून उघडून धंदा शिकलो. दुसऱ्याच्या कामाला सहसा चांगलं म्हणत नाही. तिच्या कामात मला खोट सापडली नाही.

आणि तू?

"कुठली गं तू?"

"सांगलीची."

"मग हळद लाव अन् सोड मला."

"हळद लावायला लगीन हाय का तुमचं? गुमान पडून ऱ्हावा. खाली उतरायचं न्हाई."

मग तिनं विचारलं, दुखायला नेमकं कधी लागलं? "आत्ताच. अर्धा तास झाला आसंल," म्हणालास आणि माझ्याकडे डोळे वटारलेस. तिनं मला विचारलं, "व्हय का वो?" मी होकाराची मान हलवली! थोरल्याचं बोलणं चारचौघांत खोडायचं नाही, हे आपल्या घरचं वळण. जळो ते वळण.

डॉक्टर साताऱ्याच्या अँब्युलन्ससाठी फोनवर होते. तुला लघवीला लागली. सिस्टर म्हणाली, भांडं आणते. "बाईमाणसाच्या हातनं? मी काय मेलोय?" ती पाठमोरी झाली आणि तू उतरलास. चार पावलं टाकलीस आणि कोसळलास. गावाला धाक घालणारा माणूस एका भांड्याला भ्याला! उतरताना मीही तुला अडवलं नाही. डॉक्टर "थांबा" म्हणेपर्यंत ती तुझी छाती दाबत होती.

आता तिच्या नोकरीवर आलंय. काल जावई म्हणाला, "काका, तुमी फक्त अर्धा तास म्हणा. बाकी मी बघतो."

काय बघणार आहे तो?

आप्पा, उद्या मी सहा वाजले होते असं सांगणार. वहिनीसमोर, जावयासमोर. सिस्टरनं विचारलं तेव्हा मी खोटी मान हलवली, हेही सहीनिशी लिहून देणार. तुझी अब्रू जाईल, तुझ्यामागोमाग माझी. जाऊ दे. त्या पोरीची जाता कामा नये.

तुझा धाकटा,
बाळू