उन्हासमोरचे चक्रवाक

मंचर, ४ फेब्रुवारी १९०८

पुन्हा तेच! पहाटेपासून घोडनदीच्या गाळात गुडघाभर उभा. चक्रवाकांची जोडी पाण्यात, मागून सूर्य वर येतोय, पंखांच्या कडा नुसत्या पेटलेल्या. कॅमेऱ्यामागे काळं कापड डोक्यावर घेतलं आणि — धाडकन् बंदूक! हौशीराम पाटील. एक पाखरू पाण्यात उलटं, दुसरं ओरडत घिरट्या घालतंय. मी शिव्याच दिल्या. तर म्हणतो कसा, "शेट, पाखरं काय तुमच्या दुकानातली हाईत?" लेकाचा!

५ फेब्रुवारी

बापूजी म्हणतात, "सुवालाल, कापडाचं दुकान सोडून चिखलात कशाला जातोस?" कशाला? जीव न घेताही पाखरू घरी आणता येतं, म्हणून! जैनाच्या घरात हे समजावून सांगावं लागतं.

११ फेब्रुवारी

मिळालं!! दुसऱ्या एका जोडीचं चित्र. सूर्य नेहमी पाठीशी घ्यावा म्हणतात. मी समोर घेतला. पाखरं काळी, भोवती उजेडाची किनार.

२३ फेब्रुवारी

फोटो चावडीवर नेला. सगळ्यांदेखत हौशीरामाच्या नाकासमोर धरला. "बघ! हे मारतोस तू!" आणखीही बरंच बोललो. त्यानं फोटो हातात घेतला. बघतच राहिला. मग म्हणाला, "लई देखणं हाय वो. न्हाई मारनार आता." तिथल्या तिथे बेलभंडारा उचलून शपथ घेतली!

आई रोज सामायिकाला, ध्यानाला बसते त्या कोनाड्यात तिनं फोटो ठेवलाय. माझा राग मात्र जात नाही. मेलेलं पाखरू थोडंच परत येणार?

पुणे, १४ एप्रिल

फोटो घ्यायच्या नव्या काचा धुताना त्यांच्यावरचा थर सुटून पाण्यात गेला. सगळ्या वाया! भांडायलाच इथं आलो. दुकानदारापुढे काचा आपटल्या — भेसळीचा माल विकता? तो हसला. "अहो, थर सरसाचा असतो. उन्हाळ्यात सुटणारच. गार पाण्यात धुवा."

"सरस?"

"मग! जनावरांची हाडं-कातडी उकळून काढतात. सगळ्याच काचांवर तो असतो, पहिल्यापासून."

काचा तिथंच टाकून बाहेर पडलो.

मंचर, १६ एप्रिल

आई कोनाड्यातल्या फोटोसमोर बसली आहे. हौशीराम बायकोला घेऊन ओसरीवर आलाय. "ह्यांची शिकार सुटली, शेटचं पाय धरायचं हाईत," म्हणते ती. मी आतून कडी लावून घेतली आहे.