चिंधी बांधलेली मिरची

तेजू,

आईला आणायला भंडाऱ्याला जातो आहे. सकाळी दवाखान्यातून फोन आला. डॉक्टर म्हणाले, आता घरीच घेऊन जा. बाबांना मी फक्त 'आई घरी येते आहे' एवढंच सांगितलं. ते खुशीत खाट धुऊन राहिले आहेत. तू काही बोलू नको, संध्याकाळी मीच सांगेन.

खाट समोरच्या खोलीत, खिडकीपाशी लाव. गच्चीवरचं रंगाच्या डब्यातलं मिरचीचं झाड खाली आणून खिडकीत ठेव. त्यावर चिंधी बांधलेली मिरची आईने बियासाठी राखली आहे. ती आता लाल झाली आहे. बाबांना ती चिंधी दाखवून ठेव. गेल्या आठवड्यात अशीच दुसरी त्यांनी वरणात टाकली. बाकीच्या कुंड्यांना पाणी घाल, पण थोडंच.

काल आईने स्वतःबद्दल काहीच विचारलं नाही. "बियाची लाल झाली का रे? माह्यासमोरच तोडजा," एवढंच म्हणाली.

म्हणून ती आल्यावरच तोड. तुला माहीत आहे, ती कोणाच्या हातून मिरची घेत नाही. "खाली ठेव! हातात देल्ली का भांडन होते," म्हणून आपल्यावर किती रागवायची. पण आता तिला खाली ठेवलेलं उचलता येत नाही. तू तिच्या हातातच दे.

भांडली तर भांडू दे.

दादा