धोट्याचं तीर्थ

३ डिसेंबर १९१३

आले बाई एकदाची! गडहिंग्लजपासून बैलगाडीनं हाडं खिळखिळी केली, पण कोल्हापूर दिसलं आणि शीण पळाला. घर गंगावेशीजवळ. पुढच्या सोप्यात दोन माग, दिवसभर खटाखट, बोलायचं तर ओरडूनच. एका मागावर माझा नवरा बाळासो. (नाव लिहिलंय, तोंडानं घेतलं नाही, तेव्हा पाप नाही.) दुसऱ्यावर लालासाब म्हणून म्हातारे विणकर. तोंडात एक दात नाही, पण बोलणं खुसखुशीत. मला बघून म्हणाले, पावणं आलं, आता घराला रंग चढंल की. सासू धोंडुबाई, त्यांना आत्याबाई म्हणायचं. आणि शालू, आठ वर्षांची नणंद, मी उतरल्यापासून पदर सोडत नाही.

आण्णांनी, म्हणजे माझ्या वडलांनी, निघताना ही वही दिली. शाळामास्तर ते, माझ्या अक्षराचा त्यांना भारी तोरा. रोज लिही म्हणाले. लिहीन की!

५ डिसेंबर

आज मला मागाची सून करून घेतलं. धोटा म्हणजे मागावर आडवी पळणारी वीतभर लाकडी होडीच, पोटात सुताची कांडी. कांडी संपली की नवी घालायची, मग बारीक भोकाला तोंड लावून सुताचं टोक ओढून काढायचं. या घरची रीत अशी, नवी सून आली की एकाच धोट्यातनं आधी सासूनं ओढायचं, मग सुनेनं, मग लेकीनं. मला ठसकाच लागला, तोंडभर कापूस. शालू खदाखदा हसली आणि एका दमात ओढून दाखवलं.

लालासाब मात्र वाकड्या तारेनं सूत काढतात. दात नाहीत, ओढायला जमत नाही. आत्याबाईंना ते खपत नाही. धोट्याला लोखंड टोचलं की मागाची लक्ष्मी रुसते म्हणे.

१२ डिसेंबर

शालूचा घसा धरलाय, अंगात ताप. मग माझा धरला, मग यांचा, आत्याबाईंचाही. थुंकी गिळताना डोळ्यांत पाणी येतं. शालूच्या घशात डोकावले तर लालबुंद, वर पांढरे ठिपके. तरी पोरगी कांड्या भरते आणि धोट्यातनं सूत ओढते. लालासाब तेवढे ठणठणीत, आम्हाला चिडवत बसलेत.

१८ डिसेंबर

सगळे बरे. संध्याकाळी मी यांना अक्षरं शिकवायला घेतली. म आला. गडी एवढा खूश, जशी कुस्तीच मारली!

९ जानेवारी १९१४

शालूचा गुडघा सुजला. हात लावला तर चटका बसतो. दोन दिवसांत गुडघा उतरला आणि घोटा सुजला, आज कोपर. आत्याबाई म्हणतात हाडात वारं शिरलं. मला मात्र हे फिरतं दुखणं आवडलेलं नाही.

२० फेब्रुवारी

सूज गेली, पण शालूचा हात तिचा राहिला नाही. जेवताना वाटी भिंतीवर फेकली. तोंडं वाकडी करते. आत्याबाईंनी चिडून थोबाडीत मारली, तर ती रडत म्हणाली, मी न्हाय करत, हातच करतोय. झोपली की अगदी शांत. मी बराच वेळ बघत बसले होते. मला भीती वाटली.

२२ फेब्रुवारी

आम्ही दोघं तिला दवाखान्यात घेऊन गेलो. डॉक्टरीणबाईंनी हात बघायच्या आधी घशाचं विचारलं. मी चाटच पडले. छातीला नळी लावून त्या किती तरी वेळ ऐकत राहिल्या. म्हणाल्या, सुरुवात घशातनं होते. तिथली कीड मरते, पण तिच्याशी भांडायला उठलेलं अंग मग थांबत नाही, आपल्याच सांध्यांवर, काळजावर, डोक्यावर उलटतं. हा माझा नुसता अंदाज, पुरावा नाही. पण एक ध्यानात ठेवा, हिचा घसा पुन्हा धरला तर काळीज तग धरणार नाही. कुणाचं उष्टं देऊ नका.

वाटेत मला धोटा आठवला. आणि लालासाबांची तार.

२६ फेब्रुवारी

लालासाबांकडून तार वाकवून आणली. आत्याबाईंनी गटारात फेकली. ती डॉक्टरीण माग चालवती व्हय, म्हणाल्या. हे मागावर जाऊन खटाखट विणायला लागले. असला राग आला! आता शालूच्या वाटचे सगळे धोटे मीच ओढते. माझा घसा धरला तर धरू दे.

१५ मार्च

घसा धरला. कुणाला सांगितलं नाही. शालूला जवळ येऊ देत नाही, ती रुसली आहे.

२७ मार्च

रांगोळीची रेघ वाकडी गेली. पुसून काढली, पुन्हा वाकडी. हातातनं घागर सुटली.

वरची ओळ बघते आहे. हे अक्षर माझं नव्हे.

३० मार्च

हात एका जागी बसत नाही — जीभही — शब्द तोंडात अडकतात. अंगात बाहेरचं कुणी आलेलं नाही. माझंच अंग माझ्यावर —

आण्णा, रागावू नका.

१ एप्रिल

आत्याबाई म्हणतात देवी अंगात आली. मळवट भरला. मी सांगायला गेले, जीभ वळेना. धोट्याकडे बोट केलं, तोंडाकडे केलं, शालूकडे केलं, नको नको म्हणून मान हलवली — मान थांबेचना — त्या पायाच पडल्या. देवीला धोटा पायजे, म्हणाल्या.

२ एप्रिल

आता रोज हेच. दिवसभर धोटा सगळ्यांच्या तोंडात. दिवेलागणीला देव्हाऱ्यात. हळदकुंकू. धुऊन ते पाणी तीर्थ म्हणून — पहिला मान आजारी लेकीचा. लालासाब ओरडले, पोरीला देऊ नगा. त्यांना मागावरनं उठवलं, घरी धाडलं.

४ एप्रिल

कागदावर मोठी अक्षरं काढली. यांच्यासाठी. सबंध दुपार गेली — पाणी देऊ नका. त्यांनी बोट ठेवून वाचायला घेतलं. पा. मग माझ्याकडे बघून हात जोडले. देवीनं लिहिलंय म्हणाले. कागद देव्हाऱ्यात. वर कुंकू. वाचलाच नाही — वाचलाच नाही हो —

६ एप्रिल

शालू आली. मनगट दाबून धरलंय तिनं, म्हणून लिहिता येतंय. तिचे हात आता थरथरत नाहीत. शहाणं बाळ माझं.

उद्या पुन्हा कागद. तिच्याच हाती. लालासाबांकडे, ते डॉक्टरीणबाईंकडे नेतील — तिला म्हटलं, जाशील —

जाते म्हणाली. पण आधी पाणी दे. वैनी, गिळताना टोचतंय की. सकाळधरनं —